मिस्त्री, काम कुठवर आलं?

साल १९६७, माघ महिना, पौर्णिमेची दुपार. ठिकाण: तारापूरच्या बाजूला नव्या जागी वसलेलं एक गाव, शाळेपुढचं पटांगण. हजर: मी, पडदे, कपडे आणि बत्त्या पुरवणारा. माझे पेंटर सदूभाऊ. मधू, नाटक लिहिणारा आणि त्यात बापाचं काम करणारा. नरू पोस्टमन, सुनेच्या कामाला. शाळेचे गुरुजी, प्रॉम्प्टर. गैरहजर: मधूची बायको हिरावहिनी, 'त्या मंडपात पाय ठेवणार नाय' असं सांगून. मधूचे वडील जगूतात्या, यांना दोन दिवसांसाठी शिरगावला लेकीकडे पाठवलेलं.

रंगीत तालमीच्या आधी मी अशी हजेरी घेतो. कोण आहे आणि कोण नाही हे मला आधी कळलेलं बरं असतं. त्या दिवशीची हजेरी तालीम सुरू होण्याआधीच चुकली.

माझं दुकान पालघरला. पालघर तालुक्यात कुठेही नाटक असलं, गावजत्रेचं असो की गणपतीतलं, तर त्याचं सामान बहुधा माझ्याकडून जातं. एक दर्शनी पडदा. मागचे पडदे चार: राजवाडा, जंगल, रस्ता आणि दिवाणखाना. विंगा, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, दाढ्यामिशांची पेटी, कपड्यांच्या ट्रंका, बांबू, काथ्या. जवळचं गाव असलं तर बैलगाडीने, लांबचं असलं तर ट्रकने. सोबत मी स्वतः जातो, कारण पडदा ओढणारा माणूस नाटकाइतकाच तयारीचा लागतो. वेळेवर पडदा पडला नाही की मेलेला राजा लोकांसमोर उठून आत पळताना दिसतो. हे मी पाहिलेलं आहे, आणि तेव्हा पडद्याची दोरी माझ्या हातात नव्हती.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. दातिवऱ्याच्या कोळी मंडळींनी एकदा स्टेज आपणच बांधलं, होडी बांधतात तसं. दुसऱ्या दिवशी गाठी सुटेनात. मी कुरकुर केली तर त्यांचा म्होरक्या म्हणाला, "शेठ, वादळाला सुटू नये म्हणून मारलेली गाठ हाय. तुला बरी सुटल!" सगळा काथ्या कापावा लागला. बोईसरला बांधकामावरच्या मजुरांनी रामलीला करायची ठरवली तेव्हा त्यांचा पुढारी दुकानात येऊन विचारू लागला, "सेठ, ताजमहल का पर्दा है क्या?" मी म्हटलं, रामलीलेत ताजमहाल कुठून आला? तो म्हणाला, "अच्छा लगेगा." मी राजवाडा दिला. त्यांना तो ताजमहालच वाटला असावा, कोणी तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र मी कधीच पुरवत नाही: घरातलं सामान. खुर्ची, पलंग, घड्याळ, झोपाळा हे त्या त्या गावानेच द्यायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. गावातल्या घराघरांतून वस्तू येतात. प्रेक्षकांत बसलेली बाई शेजारणीला सांगते, "तो तांब्या आमचा." नाटकाला त्याने काही कमीपणा येत नाही. उलट जिची वस्तू स्टेजवर ती बाई शेवटपर्यंत जागी राहते.

मधू पहिल्यांदा माझ्याकडे आला तो दिवाळीनंतर. वीजकेंद्राच्या बांधकामावर स्टोअरमध्ये कामाला असलेला, तिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला ओटीचा पडदा हवा होता.

"राजवाडा आहे, दिवाणखाना आहे," मी म्हटलं.

"ओटी नाय?"

"ओटी कोण मागत नाही. प्रत्येकाच्या घरी असतेच की."

"आमच्या नाय आता," तो म्हणाला, आणि मग बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं.

त्यांच्या गावची जमीन वीजकेंद्रासाठी गेली. नारळांची वाडी गेली, घरही सोडावं लागलं. नव्या जागी प्लॉट मिळाले. बाकीच्यांनी केलं तेच यानेही केलं: जुनं घर आपल्या हातांनी उतरवलं. कौलं काढली, वासे काढले, ओटीच्या दाराची नक्षीची चौकट आणि पितळी कड्यांचा झोपाळा गाडीत घालून आणला. नव्या दोन खोल्यांच्या भिंती इतक्या बुटक्या की चौकट कुठेच बसेना. ती आणि झोपाळा मागच्या पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवला.

घर उतरवताना बापाला बघवणार नाही म्हणून तात्यांना तेव्हाही शिरगावलाच पाठवलं होतं. परत आले ते थेट नव्या खोलीत. विचारू लागले, "हे कुणाचं घर?" मधूच्या तोंडून निघून गेलं, "आपल्या घराची दुरुस्ती चाललीय तात्या. तोवर इथं ऱ्हायचं." चार दिवस निभावून नेऊ, मग सावकाश सांगू, असा त्याचा बेत. पण तात्यांच्या मनात ती दुरुस्ती घट्ट बसली. गाव गेलं हे त्यांना दहा जणांनी सांगून पाहिलं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "हां. पन आमचं दुरुस्तीला हाय."

रोज सकाळी ते घराकडे निघत. कुंपणापाशी पहारेकरी त्यांना अडवी, "बाबूजी, अंदर मना है." मग हिरावहिनी मागून धावत जाऊन सांगायची, आज मिस्त्री आला नाही, उद्या जाऊ. वाडीतले नारळ म्हणून ती बाजारातून नारळ आणून दाराशी टाकी. तात्या ते कानाशी हलवून बघत आणि म्हणत, "पानी कमी हाय. शिंपणं नीट चाललेलं नाय."

"आणि यावर नाटक?" मी मधूला विचारलं.

"लोक हसतात त्यांना, शेठ. पोरं वाटेत अडवून विचारतात, तात्या, घर झालं काय? नाटक बगितलं की नाय हसणार."

त्याने वही पुढे केली. नाटकात एक बाप, एक सून. मुलगा मुंबईला नोकरीला. मी म्हटलं, एका पात्राचा खर्च वाचला. त्याने वहीचं पान उलटलं. तिसऱ्या अंकात सून बापाला सांगते, 'तात्या, घर गेलं.' बाप कोसळतो, मग उठतो, सगळं ओळखतो आणि आपल्या पायांनी नव्या घरात जातो. त्यावर पडदा.

"असं होईल वाटतं तुला?"

"नाटकात तरी होऊ दे."

हिरावहिनीला हे नाटक नको होतं. बाकी सगळं ठरवायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तात्या बाहेर गेलेले होते, आणि ती भाकऱ्या थापता थापता माझ्याकडे न बघता बोलली. "नाटक करून हे टाळ्या घेतील. उद्या सकाळी कुंपणापासून त्यांना परत आणायला कोण जाल? मीच ना? घरातलं दुःख बत्त्या लावून दाखवायला तुमी सामान देता, शेठ. द्या. तुमचा धंदा हाय." तिने चहा मात्र दिला.

तर ती दुपार. पडद्यात ओटी नव्हती म्हणून आम्ही ती उभी केली होती. रीतीप्रमाणे सामान गावाचं, म्हणजे मधूच्याच पडवीतलं. बांबूंच्या आधाराने नक्षीची चौकट उभी केली, तिला दार लावलं. दोन जाड खांबांवर आडवा वासा टाकून झोपाळा टांगला, मी स्वतः लोंबकळून तो जोखला. सदूभाऊंनी मागच्या कापडावर अंगण रंगवलं. मधूने केस पांढरे केले, वडिलांसारखी टोपी घातली आणि खाली मंडपाच्या कडेला आपली वाक्यं म्हणत बसला. नरू पोस्टमन हिरवं लुगडं नेसून, मिशी उतरवायची की झाकायची यावर गुरुजींशी वाद घालत होता.

तेवढ्यात जगूतात्या आले. लेकीने सकाळी जेवायला वाढेपर्यंत ते शिरगावहून एस.टी.त बसून निघालेही होते. मंडपात शिरले, समोर बघितलं आणि सरळ चालत आले. स्टेजच्या पायरीपाशी त्यांनी वहाणा काढल्या. मग वर चढून चौकटीवरून हात फिरवला, झोपाळ्यावर बसले, पायाने एक झोका घेतला.

गुरुजींनी हातातली वही मिटली.

तात्यांनी नरूकडे पाहिलं. "नरू, पत्र हाय काय?"

"नाय तात्या."

"मग लुगडं कशाला नेसलंस?"

"तालीम हाय तात्या."

"करा, करा." त्यांनी आणखी एक झोका घेतला. "हिराला सांग, पानी आन म्हनावं."

नरू तसाच लुगड्यात पळत गेला. हिरावहिनी तांब्या घेऊन आली. मंडपाच्या तोंडाशी क्षणभर थांबली, मग आत येऊन वर चढली. तात्या पाणी प्यायले आणि खाली बसलेल्या मधूकडे बोट करून म्हणाले, "हे म्हातारबुवा कोन?"

मधूने मान खाली घातली. टोपीखालून पांढरी पावडर त्याच्या खांद्यावर सांडली होती.

"पाव्हणे हायत, तात्या," हिरावहिनी म्हणाली. "शिरगावचे."

"त्यांनाबी पानी दे."

तिने खाली उतरून नवऱ्यापुढे तांब्या धरला. मी जवळच उभा होतो. मधू हळूच म्हणाला, "बग, घर ओळखलं त्यांनी. कसे बसलेत बग. बसू दे थोडे."

"आन् उद्या?" ती म्हणाली. "उद्या हे सगळं गाडीत घालून पालघरला जाल. मग ते कुठं बसतील? मी काय सांगू त्यांना, उंदरानं घर नेलं?"

तिने तांब्या जमिनीवर ठेवला आणि पुन्हा वर गेली. तात्यांचा हात धरून त्यांना उठवलं. ओटीवरून घरात जायचं ते दार तिने ढकललं आणि त्यांना घेऊन पलीकडे गेली. मीही मागे धावलो, कारण मागे दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि म्हातारा माणूस अडखळला असता.

मागे काय असतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. तिरके बांबू, काथ्या, माझ्या ट्रंका, रंगाचे डबे, डब्यावर बिडी ओढत बसलेले सदूभाऊ.

"बगा," हिरावहिनी म्हणाली. "दार उघडलं ना? आत माजघर नाय. देव्हारा नाय. चूल नाय. काय नाय तात्या. घर पाडलं. तुमच्या मुलानं पाडलं, मी कौलं उचलून दिली. ते गेलं आता. दुरुस्ती नाय चाललेली. मी खोटं सांगते रोज."

तात्यांनी सगळं नीट बघितलं. एका बांबूला हात लावून हलवून पाहिला. रंगाच्या डब्यात डोकावले. मग माझ्याकडे वळले. माझ्या हातात काथ्याचा गुंडा, कानावर पेन्सिल, अंगावर धूळ.

"मिस्त्री तू काय?" त्यांनी विचारलं.

मी काथ्याचा गुंडा या हातातून त्या हातात घेतला.

"मिस्त्री, काम कुठवर आलं?"

दाराच्या चौकटीत आता मधूही येऊन उभा राहिला होता. त्या बाईने महिनोन्‌महिने साठवलेलं खरं नुकतंच बोलून टाकलं होतं, आणि तात्या माझ्या बांबूंकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. मला धंद्यात कोणी असा प्रश्न विचारला की माझं तोंड आपोआप उत्तर देतं.

"ओटी झाली," मी म्हणालो. "मागचं राहिलंय."

"ते दिसतंय. कदी पुरं करशील?"

"चैत्रात."

"म्हंजी पावसाच्या आदी. बरं. कौलं चढवून घे, मग बाकीचं कर." ते हिरावहिनीला म्हणाले, "तू उगा घाबरतेस. काम चालू हाय की." आणि दारातून पुढे जाऊन, पायरीशी वहाणा घालून, नव्या घराकडे शांतपणे चालू लागले.

हिरावहिनी माझ्याकडे वळली. "मी खरं सांगितलं, शेठ," ती म्हणाली. "पयल्यांदा. तुमच्या बांबूंनी ते खोटं पाडलं." मग तांब्या उचलून ती सासऱ्यांच्या मागे गेली.

तालीम झाली नाही. मधू झोपाळ्याशेजारी खाली बसून राहिला. पडदा उघडायची वेळ झाली तेव्हा नरूला म्हणाला, "शेवटचं वाक्य बोलू नको."

"मग काय बोलू?"

"ठाव नाय."

त्याच संध्याकाळी नाटकाचा पडदा दिवेलागणीलाच वर गेला, कारण गावातली निम्मी माणसं पहाटे कामावर जाणारी. पहिल्या दोन अंकांत लोक हसले. नरूच्या चालीला हसले, बाजारातल्या नारळांना हसले. मधू वडिलांसारखाच हसरा, ठाम बोलत होता. मी विंगेत दोरी धरून उभा होतो; तात्या आणि हिरावहिनी घरीच होती. तिसरा अंक शेवटाला आला. मधू झोपाळ्यावर बसून सुनेला विचारतो, "मिस्त्री काय म्हनतो? काम कदी पुरं होल?"

नरू गप्प. गुरुजींना बदल कोणी सांगितला नव्हता. त्यांना वाटलं नरू विसरला. त्यांनी विंगेतून वाक्य पुरवलं, "तात्या, घर गेलं." नरू गप्पच. गुरुजींनी आवाज चढवला, "तात्या, घर गेलं!" ते आता पुढच्या चटईपर्यंत ऐकू गेलं. मधू झोपाळ्यावर तसाच, नरूकडे बघत.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी बोलली, "नको सांगू गो त्याला." तिच्या पलीकडून आणखी कोणी म्हणालं, "ऱ्हाऊ दे. कशाला सांगतेस?" मग पुरुषांच्या बाजूनेही एक जण, घसा खाकरून, "होल तात्या, होल. काम चालू हाय."

ज्या प्रसंगावर मला पडदा टाकायचा होता तो येणार नव्हता हे मला कळलं. मी दोरी सोडली. पडदा खाली आला. टाळी पडली नाही. लोक उठलेही नाहीत. बत्त्या विझायची वेळ आली तरी ती सगळी घर उतरवून आलेली माणसं आपापल्या चटईवर बसून होती. शेवटी मीच एकेक बत्ती बंद करायला घेतली तेव्हा ती निघाली.

पोरांनी तात्यांना वाटेत विचारणं त्यानंतर बंद केलं, असं मधू सांगतो. मला एवढंच माहीत आहे की चैत्रात तात्या पालघरला माझ्या दुकानी आले. हिरावहिनीने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला होता: 'तात्या निघालेत. सांभाळा, परतीच्या गाडीत बसवा.' मी वैशाखाचा वायदा दिला. पुढे पावसाळ्यानंतरचा. ते रागावत नसत. अंगणातले माझे बांबू बोटाच्या पेराने वाजवून बघत. "हा किडलाय. आमच्या ओटीला नको लावू." मग बाकावर बसून सूचना देत. देव्हाऱ्याची फळी पूर्वेला हवी. जात्याजवळ उजेडाला झरोका ठेव. न्हाणीचं पाणी केळीकडे काढ. ते घर मी कधी पाहिलेलं नाही, पण आता डोळे मिटले तर त्यात मी कुठेही न अडखळता फिरेन. कुंपणाकडे जाणं त्यांनी सोडलं. मिस्त्री पालघरला भेटतो म्हटल्यावर तिकडे कशाला जातील? हिरावहिनीला सकाळचं धावावं लागेनासं झालं.

यंदा श्रावणापासून तात्या अंथरुणावर आहेत. नवरात्रात हिरावहिनी स्वतः दुकानी आली, पहिल्यांदाच. बाकावर, तात्या बसत तिथेच बसली.

"शेठ, ते म्हनतात एकदा घर दाखवा. तुमी आमच्या अंगणात ओटी उबी करा. एक दुपार. मी त्यांना झोपाळ्यावर बसवते."

"तुम्हीच म्हणाला होतात, उद्या काय सांगू."

"तेव्हा त्यांना उद्या होता," ती म्हणाली.

आठ-दहा दिवसांनी मधू आला. बायको येऊन गेली हे त्याला ठाऊक होतं. तो उभाच राहिला.

"नको, शेठ. तिला नाय म्हनून कळवा. माझं नाय ऐकत ती."

"का नको? तुलाच तर ते बसलेले बघायचे होते."

"उबं केलं की उतरवायला लागल." त्याने दुकानाच्या दाराला हात टेकला. "एकदा उतरवलंय मी ते घर. तात्यांच्या देखत पुन्हा नाय."

मी म्हटलं, उतरवायचं काम माझी माणसं करतील. तो म्हणाला, "हातोडीचा आवाज तर घरात येल ना," आणि गेला.

कोजागिरी झाली. बोईसरच्या मंडळींना कार्तिकात बांबू हवे आहेत, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. किडलेले वगळून चांगले बांबू मी परसात वेगळे बांधून ठेवले आहेत आणि अजून कोणाला दिलेले नाहीत. तारापूरची गाडी रोज दुकानासमोरून जाते, कंडक्टर खिडकीतून विचारतो, "काय निरोप?" मी हाताने 'पुढे चल' म्हणतो. हिरावहिनीला हो किंवा नाही कळवायचं आहे. ते अजून झालेलं नाही.